कशावरून

मुस्त्वेच्या शाळेत, अकरावीला,
बुधवारी शेवटचा तास ज्ञानमीमांसेचा.
आम्ही तो विषय घेतला, कारण पाठांतर नाही
आणि मार्क सोपे, असं वरच्या वर्गातली मुलं म्हणायची.

ऊर्वे बाई यायच्या बुटांवरून लोकरी मोजे चढवून,
घसरू नये म्हणून.
पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याला हातसुद्धा लावला नाही.
खिडकीतून गोठलेलं पेइप्सी तळं दाखवून विचारलं,
बर्फ पेलेल माणसाला?
पेलेल, म्हणालो आम्ही. सगळे. एका सुरात.
कशावरून?

हेल्मी म्हणाली, दिसतंय की.
मिरॉन म्हणाला, आजोबा सांगतात.
मी म्हणाले, पाटी लावलीय काठावर : बावीस सेंटिमीटर.
मागून कुणीतरी : काल याकोव गेला ना, बुडला का?

दिसतं ते वरचं, बाई म्हणाल्या.
आजोबा सांगतात ते कुठल्या हिवाळ्याचं?
पाटीवर तारीख आहे?
आणि याकोवचं वजन किती?
घंटा झाली तेव्हा आमच्यातल्या एकालाही
काही म्हणजे काही माहीत नव्हतं.
सकाळी तर सगळं ठाऊक होतं.

मग महिनाभर घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.
माशांचा भाव पडला तो पलीकडच्यांमुळे, बाबा म्हणाले.
कशावरून?
दारात कांद्याची माळ असली की सर्दी फिरकत नाही,
मावशी म्हणाली, नाक पुसत.
कशावरून?
जेव गुपचूप, आई म्हणाली.
तेवढं मी न विचारता केलं.

मिरॉनचे आजोबा तळ्यावर जाताना
लोखंडी पहार घेऊन जायचे.
एक ठोका पुढं, मग एक पाऊल.
ती पहार त्यांनी कधी दुसऱ्याच्या पायाशी ठोकली नाही.
हे मी कितीदा पाहिलं होतं.
लक्षात यायला फेब्रुवारी उजाडला.

आम्ही तिघं निघालो होतो जाळी बघायला,
ढकलगाडी, तीन बादल्या, पहार घरीच.
समोर धूर दिसला.
धूर म्हणजे शेकोटी, मिरॉन म्हणाला,
लुका काका मासे भाजत असणार, चला, गरम खायला मिळेल.
हेल्मी धावायलाच लागली.
मलाही भूक होती. मलाही धूरच दिसत होता.
पण वास नव्हता.
आणि धूर एका जागेवरून वर जात नव्हता,
लांबवर पसरला होता, कुणी दोरी आखावी तसा.
पाय आधी थांबले, डोकं नंतर.
त्या शब्दाच्या पोटात *कशावर* आहे
हे मला तिथं उभं असताना कळलं.
भेग पडली की उघडं पाणी असंच वाफाळतं, थंडीत.
थांबा, ओरडले मी. थांबा, नुसतं थांबा.

परतलो. मिरॉन दोन दिवस मला भित्री म्हणत होता.
रात्री हिमवर्षाव झाला, सकाळी सगळं सारखं पांढरं.
लुका काकांना विचारलं, तुम्ही होता का त्या दिवशी?
असेन बहुतेक, म्हणाले. का गं?

तिथं भेग होती की शेकोटी,
मला आजही ठाऊक नाही.
ही गोष्ट सांगताना लोक माझ्या तोंडून भेग वदवून घेऊ बघतात.
मी वदत नाही.

आता तार्तूला औषधाच्या दुकानात असते.
रोज कुणीतरी फोन पुढं करून म्हणतं,
हे घेतलं की गाठ विरघळते, इथं लिहिलंय.
मी हसत नाही. कधी लिहिलंय, कुणी,
आणि तुम्हाला ते खरं असावंसं किती वाटतंय,
हे हळूच विचारते. शेवटचं सगळ्यात हळू.

शाळा संपायच्या आधी मी बाईंना गाठलं होतं :
प्रश्न विचारणारा माणूस वाचतो,
हे तरी कशावरून?
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला.
बाहेर एप्रिलचं तळं कडाकडा तडकत होतं.
चल, बघू या, म्हणाल्या,
आणि वाकून मोजे चढवू लागल्या.